एकटा राजा मला कसा हरवणार होता? बडोद्यातल्या मंडळांना खुलं पत्र

बडोद्यातल्या सगळ्या मराठी मंडळांच्या, आणि गणपतीत, दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्यात पोरांच्या बुद्धिबळ स्पर्धा भरवणाऱ्या सर्व कार्यकर्त्यांना,

स. न. वि. वि.

मी दांडिया बाजारात राहते. गेली बारा-तेरा वर्षं संध्याकाळी घराच्या ओसरीवर पोरांना बुद्धिबळ शिकवते, फी वगैरे काही नाही, वडिलांनी मला शिकवलं तसं मी पुढे शिकवते एवढंच. तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखत असतील कारण तुमच्या बहुतेक स्पर्धांना मी पाच-सहा पोरं घेऊन हजर असते. तुम्ही लोक नोकरीधंदा सांभाळून हॉल मिळवता, टेबलं लावता, पोरांच्या नाश्त्याचं बघता, वर्गणी मागत फिरता, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे हे पत्र रागाने लिहिलेलं नाही. पण एका बाबतीत आपल्याकडे पोरांवर अन्याय होतोय आणि तो कुणी मुद्दाम करत नाहीये, फक्त नियम नीट वाचला जात नाही म्हणून होतोय, तेव्हा मला वाटलं आता सगळ्यांना मिळून लिहावंच.

विषय आहे टाइम संपल्यावर डावाचा निकाल काय लावायचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण हे कुणा एकाचं नाहीये. १२ वर्षांखालचा गट, सहा राउंड, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि इन्क्रिमेंट शून्य, म्हणजे चाल केल्यावर घड्याळात एकही सेकंद वाढणार नाही. माझा एक विद्यार्थी, दहा वर्षांचा. चौथ्या राउंडला शेवटी त्याच्याकडे राजा आणि हत्ती उरले, समोरच्याकडे नुसता राजा, एक प्यादंसुद्धा नाही. याच्या घड्याळात अठरा सेकंद. आता हत्ती आणि राजाने एकट्या राजाला मात करायला, अचूक खेळलात तर, कुठूनही जास्तीत जास्त १६ चाली लागतात, आणि हे त्याला येतं, ओसरीवर शंभर वेळा केलंय त्याने. पण अठरा सेकंदांत सोळा चाली म्हणजे बघायचं, उचलायचं, ठेवायचं, बटण दाबायचं, सगळं साधारण एका सेकंदात, आणि तेही दर वेळी न चुकता. नाही जमलं. समोरच्याचा राजा कडेला गेला होता, अजून चार-पाच चालींचं काम होतं, तेवढ्यात टाइम संपला. टेबलाजवळ उभा असलेला दादा म्हणाला, टाइम पडला, हरलास, सही कर. पोराने सही केली.

पालकांना आणि शिकवणाऱ्यांना आत सोडत नाहीत, तो नियम बरोबरच आहे, मी बाहेर पायरीवर बसले होते. तो बाहेर आला, मला सांगितलं, मी धावत टेबलापाशी गेले तर उत्तर मिळालं, काकू, पुढच्या राउंडची पेअरिंग लागली, कोण कुणाशी खेळणार ते ठरलं, आता काही नाही होणार. नंतर असंही कानावर आलं की आमच्याकडे टाइम पडला म्हणजे हरला, असंच चालत आलंय.

परतताना आम्ही रावपुऱ्याच्या टॉवरजवळ शेव-उसळ खायला थांबलो. त्याने प्लेट हातात धरून ठेवली, खाल्लं काहीच नाही, आणि विचारलं, "काकू, त्याच्याकडे एकटा राजा होता, तो मला कसा हरवणार होता?"

दहा वर्षांच्या पोराने जे विचारलं ना, अगदी तेच फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या, नियमावलीत कलम ६.९ मध्ये लिहिलेलं आहे. ज्याचा टाइम संपला तो हरला, हे पहिलं वाक्य. पण लगेच दुसरं वाक्य आहे, की समोरच्याला कुठल्याही कायदेशीर चालींनी, म्हणजे दोघांनी कितीही वेड्यासारख्या चाली केल्या तरी, मात करणं शक्यच नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. एकटा राजा कुणालाच मात देऊ शकत नाही. म्हणजे तो डाव ड्रॉ होता. माझ्या पोराचा अर्धा पॉइंट गेला, समोरच्याला अर्धा फुकट मिळाला, आणि स्विस पद्धतीत, म्हणजे जिथे साधारण सारखे पॉइंट असलेल्यांना समोरासमोर बसवतात, अर्धा पॉइंट इकडचा तिकडे झाला की पुढच्या राउंडला समोर कोण येणार तेही बदलतं, टायब्रेक (पॉइंट सारखे झाले तर वर कोण हे ठरवायचा हिशोब) बदलतो, शेवटी बक्षिसाची रांग बदलते. आणि ज्या पोराला तो फुकटचा पॉइंट मिळाला त्याचंही नुकसानच झालं असं मी मानते, कारण त्याला वाटलं आपण जिंकलो.

आपल्याकडे पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. दुसरं कुणी वाचतच नाही.

आता याची उलटी बाजूपण सांगते, कारण तिथे पालक भांडतात. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका स्पर्धेत एका मुलीकडे वजीर आणि एक प्यादं होतं, समोरच्या मुलीकडे फक्त घोडा. वजीरवालीचा टाइम संपला. आर्बिटरने, म्हणजे पंचाने, घोडावालीला जिंकलं म्हणून दिलं. वजीरवालीचे वडील गुजराती, एरवी अगदी सज्जन माणूस, ते मोबाइल काढून दाखवायला लागले, "मोबाइलमां तो ड्रॉ आवे छे!" आणि ते खोटं बोलत नव्हते. चेस डॉट कॉमवर समोरच्याकडे नुसता एक घोडा किंवा एक उंट असेल आणि तुमचा टाइम संपला तर ड्रॉ देतात. लिचेसवर तसं नाही, तिथे मात कशीही शक्य असेल तर घोडेवाला जिंकतो, जवळपास फिडेसारखंच. एकाच पोराच्या फोनमध्ये दोन अ‍ॅप असतात, दोन्हीकडे निकाल वेगळा, आणि मग ते पोर आपल्या हॉलमध्ये येतं तेव्हा त्याला काय माहीत इथे कुठला नियम चालतोय?

त्या दिवशी आर्बिटर बरोबर होता. लोकांना पटत नाही म्हणून मी पोरांना बोर्डावर मांडूनच दाखवते. काळा राजा एच-१ वर कोपऱ्यात, त्याचंच प्यादं एच-२ वर त्याच्या समोर अडकलेलं, पांढरा राजा एफ-१ वर, आणि पांढरा घोडा जी-३ वर येतो. संपलं, मात. एकट्या घोड्याने मात, कारण काळ्याचं स्वतःचंच प्यादं त्याच्या राजाला पळू देत नाही. आता असं कुणी मुद्दाम खेळेल का, नाही खेळणार, पण नियम "शक्य आहे का" एवढंच विचारतो, "होईल का" असं विचारत नाही. म्हणून वजीर आणि प्यादं असलेली मुलगी टाइमवर हरली. तिच्याकडे नुसता वजीर असता, प्यादं नसतं, तर मात बसवताच आली नसती आणि ड्रॉ झाला असता. म्हणजे जास्त सोंगट्या असल्या म्हणून हरली, हे ऐकायला विचित्र वाटतं मला मान्य आहे, पण आहे असं.

आणि यात फक्त आपणच गोंधळतो असं समजू नका. २००८ मध्ये नालचिकला महिलांची वर्ल्ड चॅम्पियनशिप होती, तिथे मोनिका सोच्को आणि सबिना फॉइशोर यांच्यात आर्मागेडनचा डाव झाला, म्हणजे ड्रॉ झाला तर काळ्याकडची पुढे जाणार असा डाव. शेवटी दोघींकडे राजा आणि एक-एक घोडा उरला आणि काळ्याकडून खेळणाऱ्या फॉइशोरचा टाइम संपला. तिथल्या आर्बिटरांनी आधी ड्रॉ दिला. सोच्कोने अपील केलं की समोरच्याकडे स्वतःचा घोडा आहे म्हणजे मात शक्य आहे, आणि अपील मान्य झालं, ती पुढच्या फेरीत गेली. जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत आर्बिटर चुकले पण तिथे अपील ऐकायला माणसं बसलेली होती, आपल्याकडे पेअरिंग लागली की विषय बंद.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी साधी आहे. पहिला राउंड सुरू व्हायच्या आधी माइकवर दोन मिनिटं काढून सांगा, टाइम संपला आणि समोरच्याकडे एकटा राजा असेल तर ड्रॉ, घोडा किंवा उंट असेल तर सही करायच्या आधी आर्बिटरला बोलवा. आणि पोराने हात वर केला तर निकाल लिहायच्या आधी त्याचं ऐका, सोंगट्या हलवू नका. एवढ्यावर अर्धी भांडणं मिटतील. घोषणेचं महत्त्व मोठ्या मोठ्या खेळाडूंना कळलंय, २०१५ मध्ये नॉर्वे चेसच्या पहिल्याच राउंडला मॅग्नस कार्लसन टोपालोव्हविरुद्ध जिंकत आलेला डाव टाइमवर हरला, त्याला वाटत होतं ६० चाली झाल्या की अजून १५ मिनिटं मिळतील आणि त्या वर्षी ती मिळणार नव्हती, तो उशिरा आला होता म्हणून सुरुवातीची सूचना त्याने ऐकलीच नव्हती. वर्ल्ड चॅम्पियन होता तेव्हा तो. मग आपल्या तिसरी-चौथीतल्या पोरांनी न सांगता ओळखावं अशी अपेक्षा कशी करायची?

दुसरी विनंती इन्क्रिमेंटची, आणि मला खरं म्हणजे यावरच जास्त बोलायचंय.

टाइम हा खेळाचाच भाग आहे हे मला पूर्ण मान्य आहे. विचार करायला अमर्याद वेळ दिला तर काय होतं हे लोकांनी फार पूर्वी बघितलंय, एकेक चालीला तास-तास लावायचे, मग वाळूची घड्याळं आली, मग १८८३ च्या लंडनच्या स्पर्धेत दोन तबकड्यांची यांत्रिक घड्याळं आली, ती उगीच नाही आली. आणि टाइमवर हरणं ही लाज नाही. २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या मॅचमध्ये तिसरा डाव डिंग टाइमवरच हरला, ३७ व्या चालीला, कारण तिथे पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं होती आणि ४१ व्या चालीपर्यंत इन्क्रिमेंटच नव्हतं. त्याची पोझिशन तशीही हरलेलीच होती. पण ते दोन तास होते हो. आपण पोराला १५ मिनिटं देतो, सगळा डाव त्यात, आणि शेवटच्या मिनिटात बुद्धिबळ उरतच नाही, नुसती बटणं बडवणं चालू होतं.

मी बघितलेलं सांगते. दोघांकडे एक-एक हत्ती, एक-एक प्यादं, ड्रॉ झालेलीच पोझिशन, दोघांकडे अर्धा-अर्धा मिनिट. त्यातलं एक पोर हत्ती नुसता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत होतं, बोर्डाकडे बघतच नव्हतं, डोळे घड्याळावर. एक प्यादं आडवं पडलं, उचललं कुणी नाही. एकाने उजव्या हाताने चाल केली आणि डावा हात आधीपासूनच बटणावर ठेवलेला. हे सगळं नियमाविरुद्ध आहे बरं का, ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, बटणावर बोट ठेवून बसायचं नाही, घड्याळ आपटायचं नाही, आणि आपल्या हाताने सोंगट्या पडल्या तर आपल्याच टाइममध्ये उचलून नीट ठेवायच्या. पण चाळीस टेबलांना दोन-तीन दादा असतात, कोण कोण बघणार? शेवटी एकाचा टाइम पडला आणि दुसरा ओरडत बाहेर पळाला. आईने विचारलं कसा जिंकलास तर म्हणाला "टाइमवर पाडला." त्या पोराला हत्ती-प्याद्याचं एंडगेम येत नाही, आणि आता ते शिकणारही नाही, कारण न शिकता पॉइंट मिळतोय.

फोनवर रात्री बुलेट, म्हणजे एक-दोन मिनिटांचे डाव, खेळून ही सवय लागलेली असतेच, तिथे प्री-मूव्ह लावली, म्हणजे समोरच्याने खेळायच्या आधीच आपली चाल लावून ठेवली, की चालीला वेळच लागत नाही. पण फोनमध्ये हात हलवावा लागत नाही, सोंगट्या पडत नाहीत. हॉलमध्ये पडतात.

आणि इन्क्रिमेंट म्हणजे काही परदेशी चैन नाहीये. फिडेची वर्ल्ड रॅपिड, म्हणजे झटपट डावांची स्पर्धा, १५ मिनिटं अधिक १० सेकंद असते, त्याहून झटपट ब्लिट्झसुद्धा ३ मिनिटं अधिक २ सेकंद. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, कोनेरू हंपीबरोबरची फायनल टायब्रेकच्या रॅपिडवर गेली, आणि तिथेही प्रत्येक चालीला सेकंद वाढत होते. मग बारा वर्षांच्या पोरांना आपण वर्ल्ड कपच्या फायनलपेक्षा कडक नियम का लावतोय?

मला नेहमी एकच उत्तर मिळतं, काकू, वेळापत्रक कोलमडेल, संध्याकाळी हॉल रिकामा करायचा असतो, सहा राउंड बसवायचे असतात. हे उत्तर खोटं नाही म्हणून मी वही घेऊन बसले आणि हिशोब केला. १५ मिनिटं शून्य इन्क्रिमेंटऐवजी १० मिनिटं अधिक ५ सेकंद ठेवा. साठ चालींच्या डावात ६० गुणिले ५ म्हणजे ३०० सेकंद, पाच मिनिटं. दहा आणि पाच पंधरा. म्हणजे साठ चालींपर्यंत एका सेकंदाचाही फरक नाही, राउंड तीसच मिनिटांचा. पोरांचे बहुतेक डाव साठ चालींच्या आतच संपतात, म्हणजे उलट लवकरच आटपेल. आता शंभर चालींचा डाव झाला तर प्रत्येकी १८ मिनिटं २० सेकंद, म्हणजे जास्तीत जास्त ३७ मिनिटांच्या आत सगळं. सात मिनिटं जास्त, तीही एखाद-दुसऱ्या टेबलावर. सहाच्या सहा राउंडला असा एखादा डाव निघाला तरी दिवसाची चाळीस मिनिटं, आणि एवढी तर आपण उद्घाटनाच्या भाषणांना देतोच ना.

ज्या स्पर्धेत माझा विद्यार्थी हरला तिथली घड्याळं डिजिटल होती. इन्क्रिमेंट लावायची सोय त्यात होती, फक्त लावलेलं नव्हतं. पाच सेकंद मिळाले असते तर त्याने ती मात आरामात केली असती, तो निकाल ना हार झाला असता ना ड्रॉ. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

ज्या मंडळांकडे अजून जुनीच घड्याळं आहेत त्यांचं काय, तर मला त्यांची अडचण कळते. माझ्याकडे वडिलांचं लाकडी घड्याळ आहे, दोन तबकड्या, वर दोन पितळी बटणं, काटा बाराजवळ यायला लागला की एक लाल पाती हळूहळू वर उचलली जाते आणि बाराला टप्पकन पडते. यालाच फ्लॅग म्हणायचे, म्हणून अजून आपण "पडला" म्हणतो, डिजिटलमध्ये पडायला काही नसलं तरी. त्या घड्याळात सेकंद वाढवता येत नाहीत, ती सोय माजी वर्ल्ड चॅम्पियन बॉबी फिशरने पेटंट घेतलेल्या घड्याळाने आली, १९९२ च्या स्पास्कीबरोबरच्या मॅचमध्ये तो ते घेऊनच खेळला. पण जुन्या घड्याळांसाठीसुद्धा फिडेने मार्ग ठेवलाय. नियमावलीच्या मागे मार्गदर्शक सूचना आहेत, इन्क्रिमेंट नसलेल्या क्लासिकल (म्हणजे लांब वेळेच्या) आणि रॅपिड डावांसाठी, ब्लिट्झला त्या लागू नाहीत. त्यात असं आहे की ज्याची चाल आहे त्याच्याकडे दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला तर तो आर्बिटरला सांगू शकतो की आम्हा दोघांनाही चालीला पाच सेकंद द्या. हे मागणं म्हणजेच ड्रॉची ऑफर धरतात. समोरच्याने ड्रॉ घेतला तर संपलं, नाही घेतला आणि आर्बिटरला पटलं तर पाच सेकंद लावून डाव पुढे चालू, आणि समोरच्याला वर दोन मिनिटं जास्त देतात. म्हणजे पन्नास टेबलांना पन्नास डिजिटल घड्याळं लागत नाहीत, हॉलमध्ये चार-पाच असली आणि दादांच्या हातात तयार असली तरी काम होतं. फक्त अट एक आहे, हे आधी जाहीर केलेलं असलं पाहिजे, डावाच्या मध्ये उठून लागू करता येत नाही.

म्हणजे परत माइकवरच्या त्या दोन मिनिटांवरच आलं सगळं.

अजून एक, हे कार्यकर्त्यांपेक्षा पालकांसाठी आहे पण तुमच्या ग्रुपवर टाकलंत तर बरं होईल. पोर टाइमवर हरून आलं तर त्याला "हळू खेळतोस म्हणून" असं लगेच म्हणू नका. आधी विचारा पोझिशन काय होती, समोर काय उरलं होतं. मी आता माझ्या पोरांना सांगितलंय की टाइम पडला की आधी हात वर करायचा, समोरच्याच्या सोंगट्या मोजायच्या, मग पेन उचलायचं. पण लहान पोराला मोठ्या माणसाने "सही कर" म्हटलं की ते करतंच, त्याच्या जागी मी असते तरी केली असती.

गणपतीच्या स्पर्धांची पत्रकं थोड्या दिवसांत छापायला जातील. पत्रकावर वेळेच्या पुढे "१० मिनिटं + ५ सेकंद" आणि खाली "टाइम संपल्यास निकाल फिडे कलम ६.९ प्रमाणे" एवढी एक ओळ घाला, पैसे लागत नाहीत. माझ्याकडे सहा डिजिटल घड्याळं आहेत, ज्यांना हवी त्यांनी स्पर्धेच्या आदल्या दिवशी घेऊन जावीत, सेटिंग मी लावून देते. आणि पहिल्या राउंडआधी मला बोलवलंत तर मी येईन, दोन बोर्ड घेऊन, एकावर राजा-हत्तीविरुद्ध एकटा राजा मांडीन, दुसऱ्यावर तो कोपऱ्यातला राजा आणि घोडा, आणि पोरांनाच विचारीन टाइम पडला तर निकाल काय. तो दहा वर्षांचा पोरगा माझ्याबरोबर येणार आहे, पहिला बोर्ड तोच समजावणार म्हणाला.

आपली,
दांडिया बाजारातली बुद्धिबळवाली काकू